भावाला उचलून न्यायला गाडी येतेय, सही करू का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देते, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई नमस्कार, मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले ती अजून सासरी परत गेलेले नाही. पारोळा तालुक्यात आमचं गाव. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, आधी जिनिंगवर होता, आता घरीच. दोन वर्षांपासून रोज पितो, पण दिवाळीपासून वेगळंच चालू आहे. रात्री धाब्यावर (घराच्या छतावर) उभं राहून कोणीतरी शिव्या देतंय म्हणतो, आम्हाला काहीच ऐकू येत नाही. बायकोवर संशय घेतो. पंधरा दिवसांपूर्वी विळा घेऊन तिच्या मागे धावला, ती पोरं घेऊन शिरपूरला माहेरी गेली. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे घरगुती मॅटर आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो. मोठ्या भावाने एका व्यसनमुक्ती सेंटरचा नंबर आणलाय, ते लोक रात्री गाडी घेऊन येतात, चार जण उचलून नेतात, सहा महिने ठेवतात, महिन्याला बारा हजार, पहिले तीन महिने भेट नाही. मायला सही येत नाही आणि मोठ्याचं त्याच्याशी शेतावरून वाजलेलं आहे म्हणून सही तू कर म्हणतात. भावाला दवाखान्याचं विचारलं तर म्हणतो, माले काहीच व्हयेल नही, तुम्हीच येडा शेतस. ताई, कायद्याने असं नेता येतं का? मी सही करू का?"

माय, सही करू नकोस. बाकीचं सावकाश सांगते पण हे आधी, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की ती गाडी उद्या परवाच यायची आहे.

आता तू म्हणशील मग काय त्याला असाच विळा घेऊन फिरू द्यायचा का. नाही ना. त्याला दवाखान्यात न्यायलाच पाहिजे आणि त्याची तयारी नसली तरी नेता येतं, त्यासाठी कायदा आहे आणि लोकांना वाटतो त्यापेक्षा तो घरच्यांच्या बराच कामाचा आहे. फक्त त्यात रात्री येणारी गाडी कुठेच नाहीये. चार धटिंगण घरात घुसून माणसाला उचलतात आणि कुठल्याही डॉक्टरने त्याला बघितलेलं नसतं, याला अॅडमिशन म्हणत नाहीत, मग सही बहिणीची असो नाहीतर बापाची. उद्या तुझ्या भावाने तक्रार केली तर ते सेंटरवाले तुझाच कागद पुढे करतील, बघा साहेब, बहिणीने सही दिली होती. म्हणून तर सही हवी आहे त्यांना.

मी वकील नाही हे आधीच सांगते. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणजे केसपेपरच्या रांगेत रडणाऱ्या बाईला बाजूला घेऊन बसवायचं, पाणी द्यायचं आणि कुठला कागद कुठे लागतो ते सांगायचं. त्यामुळे कलमं मला पाठ आहेत ती पुस्तकातून कमी आणि अशा बायांमुळे जास्त.

तर कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या आधी १९८७ चा होता, त्याच्याही आधी इंग्रजांचा १९१२ चा. जुन्या दिवसांत माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरचा रस्ता असायचा, त्यामुळे आपल्याकडे अजून लोकांच्या डोक्यात बसलंय की कोर्टात जावं लागतं, वेड्याचं सर्टिफिकेट काढावं लागतं, मग येरवड्याला धाडतात. आता तसं नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत पण तिथपर्यंत जायचीच गरज बहुतेकांना पडत नाही. तुला पारोळ्याहून धुळं जवळ, चक्करबर्डीला हिरे मेडिकल कॉलेज आहे, नाहीतर जळगावचं मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे.

तुझ्या कामाचं कलम आहे ८९. दवाखान्यात त्याला सपोर्टेड अॅडमिशन म्हणतात, तोच शब्द वापर, लगेच कळतं त्यांना. यात पेशंटची संमती नसताना त्याला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. पण कधी, ते नीट वाच. दोन जणांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे आणि दुसरा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला तज्ज्ञ किंवा डॉक्टर, आणि तपासणी अॅडमिशनच्या दिवशी किंवा त्याच्या आधीच्या सात दिवसांतली पाहिजे. दोघांना स्वतंत्रपणे असं वाटलं पाहिजे की आजार गंभीर आहे आणि या माणसाने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा दुसऱ्यावर हिंसा केली किंवा समोरच्याला इजेची भीती वाटेल असं वागला, किंवा स्वतःची काळजी घेणंच त्याला जमेनासं झालं आणि त्यात त्याला धोका आहे. तीनपैकी एक तरी हवं. वर आणखी दोन अटी, की यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा उपाय सध्या नाही, आणि स्वतःच्या उपचाराचा निर्णय त्याला आत्ता एकट्याने घेता येत नाहीये.

तुझ्या भावाचं विळ्याचं प्रकरण यात बसण्यासारखं आहे. बसतंच असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते डॉक्टर बघून ठरवतील. पण तू एक कर, आजच शंभर पानी वही घे आणि तारखा लिही. विळा कधी, धाब्यावरचे आवाज कधीपासून, जेवण कधी सोडलं, शेवटचं नीट कधी झोपला, शेवटचं किती प्यायला. डॉक्टरसमोर गेल्यावर आपण रडतो आणि "खूप त्रास देतो हो" एवढंच बोलतो, आणि पेशंट मात्र आंघोळ करून भांग पाडून शहाण्यासारखी उत्तरं देतो. शंभर वेळा बघितलंय मी हे. वही असली की डॉक्टरच्या हातात काहीतरी पडतं.

आता जी गोष्ट मोठ्या जिभाऊंना, म्हणजे तुझ्या मोठ्या भावाला, पटायची नाही ती सांगते. नुसता दारू पितो म्हणून कोणाला अॅडमिट करता येत नाही. पगार उडवतो, उधारी करतो, आखाजीच्या पत्त्यांत बायकोचं मंगळसूत्र लावतो, आईला उलट बोलतो, हे सगळं वाईट आहे, संताप येतो, पण कायद्याच्या नजरेत तो आजार नाही. कायद्यातल्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास घेतलेले आहेत, म्हणून भास, संशय, डोकं ठिकाणावर नसणं हे त्यात येऊ शकतं. पण सोबत हेही लिहिलंय की एखाद्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णय घेताच येत नाही असं धरायचं नाही. म्हणजे शुद्धीत असलेला, सगळं कळणारा माणूस म्हणाला की मी पिणार, मला दवाखाना नको, तर त्याला कोंबून ठेवता येत नाही. बायांना हे ऐकून माझाच राग येतो, मला माहितीये. मलाही यायचा या कायद्याचा राग. पण उद्या हाच दरवाजा सताड उघडला ना, तर पहिल्या कोण आत जातील सांगू का, नवऱ्याला न जुमानणाऱ्या सुना आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरी. असल्या कारणावरून कोणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही हेसुद्धा याच कायद्यात आहे, कलम ३ मध्ये.

तुझ्या भावाच्या बाबतीत मला भासांची काळजी दारूपेक्षा जास्त वाटते. आधी दारू आणि मग भास, की डोक्यात काहीतरी आधीच सुरू झालं आणि ते दाबायला दारू वाढली, हे घरी बसून कोणालाच कळणार नाही, भगताला तर नाहीच. तू पत्रात लिहिलं नाहीस पण मायने आतापर्यंत एखादा नारळ उतरवला असेलच, असू दे, तिच्या जिवाला बरं वाटलं असेल. फक्त मारझोड, धुरी, चटके असलं काही कोणी करत असेल तर थांबव, महाराष्ट्रात त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पुढचा प्रश्न सहीचा, आणि इथे खरी मेख आहे. कलम ८९ मध्ये अर्ज करतो तो पेशंटचा नामनिर्देशित प्रतिनिधी. शब्द जड आहे, अर्थ सोपा, त्याच्या वतीने बोलणारा माणूस. हा माणूस निवडायचा पहिला हक्क पेशंटचाच असतो, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. त्याने कोणाला निवडलं नसेल तर नातेवाईक येतो, मग काळजी घेणारा, आणि कोणीच नसेल तर पुढची सोय बोर्ड, म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, करतं. मोठा भाऊ आहे म्हणून आपोआप तोच, असं कायद्यात नाही. तू होऊ शकतेस, भावजय होऊ शकते.

माझं म्हणणं, तूच हो. आणि जमलं तर एखाद्या सकाळी, तो प्यायलेला नसताना, त्यालाच विचार की भाऊ, दवाखान्यात तुझ्या बाजूने कोणी बोलायचं. कदाचित तुझं नाव घेईल. त्याच कायद्यात आगाऊ सूचना लिहून ठेवायचीही सोय आहे, मी आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका ते आधीच लिहायचं, पण ते तो बरा झाल्यावरचं काम.

जिभाऊंनी सही तुझ्यावर ढकलली ती शेतीच्या वादामुळे, असं तू लिहितेस. बरोबरच केलं म्हणेन मी, ज्याचं सातबाऱ्यावरून भांडण आहे त्याने सही करूच नये. पण गावात उद्या कुजबुज होणार की धाकटा वेडा ठरला, आता त्याचा हिस्सा गेला. तेव्हा हे ध्यानात ठेव आणि चारचौघांत सांगही, मानसिक आजाराचं निदान झालं किंवा दवाखान्यात ठेवलं म्हणून माणूस कायद्याने वेडा ठरत नाही. ते फक्त कोर्ट ठरवू शकतं, त्याची वेगळी केस लागते. अॅडमिशनच्या कागदावर कोणाचं सातबाऱ्यावरचं नाव कमी होत नसतं. दवाखान्यात असताना कोणी त्याच्या अंगठ्यासाठी कागद घेऊन आलं, खातेफोड म्हणा, हक्कसोड म्हणा, तर तिथल्या तिथे डॉक्टरला सांग.

आत गेल्यावर काय होतं. दवाखान्याने आपल्या भागातल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं असतं, बोर्डच म्हणतात सगळे, पुरुष पेशंट असेल तर सात दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. दर सात दिवसांनी बघायचं की आता त्याला स्वतःचा निर्णय घेता येतो का. यायला लागला की जबरदस्ती संपली, मग तो स्वतःच्या मर्जीने राहू शकतो किंवा घरी येऊ शकतो. तुझा भाऊ स्वतः बोर्डाकडे दाद मागू शकतो की मला का ठेवलंय, बोर्डाने सात दिवसांत निकाल द्यायचा, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, १५१०० नंबर आहे. तीस दिवसांनंतरही गरज असेल तर कलम ९०, तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि बोर्डाची परवानगी, आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. म्हणजे बघ, सरकारी दवाखान्यालाही सहा महिन्यांपर्यंत जायला इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि हे गाडीवाले पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचे पैसे सांगतात!

तो दवाखान्यात असताना त्याला फोन करता येतो, भेटायला येणाऱ्याला भेटता येतं. त्याचं टक्कल करायचं नाही, जबरदस्तीने राबवून घ्यायचं नाही, आणि साखळीने बांधायचं तर कुठल्याही प्रकारे नाही, कायद्यात अगदी असंच लिहिलंय. हे उगाच नाही आलं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला झोपडीसारख्या एका ठिकाणी आग लागली आणि तिथे साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ जण जळून मेले, त्यांना पळताच आलं नाही. मनाविरुद्ध ठेवण्याबद्दल आपल्याकडे जे नियम आहेत त्यांच्यामागे असली मढी आहेत.

आता माझं. हे सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा धाकटा दीर. नव्या कायद्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. प्यायचा, कपाशीचे पैसे आले की आठ आठ दिवस सापडायचा नाही. सासऱ्यांनी अशीच एक गाडी ठरवली, सेंटरचं नाव घेत नाही. गाडीवाले म्हणाले तो फार ताकदीचा आहे, त्याला आधी गुंगी द्या. गोळ्या त्यांनीच दिल्या. चहा मी केला. मी दवाखान्यात काम करणारी बाई, मला कळायला हवं होतं, पण घरात पुरुष बसलेले, सासूबाई रडतायत, मी चहात गोळ्या विरघळवल्या आणि त्याच्या हातात कप दिला. वहिनी, साखर जास्त झाली, एवढं बोलला तो. पाच महिने आम्हाला भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा डोकं भादरलेलं, दंडावर वळ, कोणाशी बोलेना. अकराव्या दिवशी परत प्यायला. पुढे त्याची दारू सुटली, खरंच सुटली, ती एका साध्या सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरमुळे आणि एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, मीटिंगमुळे, पण त्यानंतर माझ्या हातचा चहा त्याने घेतला नाही. लग्नाकार्यात समोर ट्रे धरला तरी हात मागे घ्यायचा. रागाने नाही, सवयीने. आता तो नाहीये.

म्हणून चहात, भाजीत, गुपचूप काही टाकू नकोस. गुंगीचं तर नाहीच, आणि ते पेपरात भिंतीवर येतं ना, न सांगता दारू सोडवा, तेही नाही. दारू सोडवायच्या एका गोळीवर, डायसल्फिराम नाव तिचं, माणूस प्यायला तर बीपी एकदम खाली जातं, उलट्या, छातीत धडधड, जीवसुद्धा जाऊ शकतो. पेशंटला माहीत असताना आणि डॉक्टरच्या देखरेखीत ती चांगली गोळी आहे, चोरून दिली की विष.

आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं खरं तर. त्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. जिभाऊंच्या डोक्यात हा उपाय येईलच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या तिसऱ्या चौथ्या दिवशी अंग थरथरणं, घाम, ताप, दिवसाढवळ्या नसलेली माणसं दिसणं हे सुरू होऊ शकतं, यात माणसं दगावतात. घरचे म्हणतात नाटक करतोय. नाटक नसतं. असं काही दिसलं तर सरळ १०८ ला फोन, कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. अशा जिवावरच्या वेळेला कलम ९४ आहे, कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी ग्रामीण रुग्णालयातलासुद्धा, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने तातडीचे उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत. पारोळ्याच्या दवाखान्यात कोणी म्हणालं की हे आमच्याकडे होत नाही, थेट धुळ्याला न्या, तर म्हणायचं नेतो साहेब, पण आधी सलाईन आणि जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्या, आणि लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की बरीच कामं होतात.

पोलिसांचं. तू गेलीस तेव्हा काय बोललीस ते मला न विचारता सांगता येईल, भाऊ दारू पिऊन त्रास देतो. हे वाक्य ऐकलं की ठाणे अंमलदार एनसीचं रजिस्टरच उघडणार, रोज दहा येतात त्यांच्याकडे. परत जा आणि लेखी अर्ज घेऊन जा. अर्जात लिही की भावाला मानसिक आजार असावा असं वाटतं, त्याला आवाज ऐकू येतात, अमुक तारखेला विळा घेऊन धावला, त्यामुळे त्याच्या आणि इतरांच्या जिवाला धोका आहे, तरी मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यावं. हे प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, उपकार नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. एक प्रत स्वतःकडे ठेव, त्याच्यावर पोच घे. तरी नाही हलले तर वर एसपी ऑफिसला टाक, आणि मॅजिस्ट्रेटचाही रस्ता आहे, कलम १०२, मॅजिस्ट्रेट त्याला सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवायचा आदेश देऊ शकतो, तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत ठेवता येतं. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज लिहून देतात.

खरं सांगू, पोलिसांची गाडी दारात येणं हे मलाही आवडत नाही. सगळी आळी जमा होते. पण ती दिवसा येते, तिची डायरीत नोंद होते, आणि ती कुठे गेली हे तुला माहीत असतं.

भावजयीला शिरपूरलाच राहू दे, तिला "तू आली तर तो सुधरेल" असं कोणी बोलू नका. संशय तिच्यावरच आहे, तिला समोर आणणं म्हणजे आगीत तेल. तिला काही लागलं तर १८१ आहे, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, आणि नवरा आजारी आहे म्हणून तिचा तो हक्क कमी होत नाही. आणि घरातलं, आजच, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय बघ. आपल्या प्रत्येक घरात कपाशीचं औषध खाटेखाली नाहीतर कोठीत पडलेलं असतं. ते आणि विळा, कोयता, दोर, शेजारच्या घरी ठेवून ये. आणि त्याने कधी तसलं काही केलंच तर पोलीस केस होईल म्हणून दवाखान्याला उशीर करू नका, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा नाही उपचार द्यायचे असतात, कलम ११५.

सेंटरचा सरसकट द्वेष नको करू. चांगली आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी काढलेलं, कितीतरी खान्देशी घरं त्यांचं नाव काढतात. पण व्यसनमुक्तीची पायरी भास शांत झाल्यानंतरची, आणि तिथे माणसाने स्वतः जायचं असतं. कुठल्याही सेंटरला तीन गोष्टी विचार: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि किती दिवसांनी येतात, मला कधी भेटता येईल. नोंदणी न करता पेशंट ठेवले तर पहिल्याच वेळी पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. तिसऱ्या प्रश्नाला "तीन महिन्यांनी" असं उत्तर आलं तर फोन ठेव.

आधी १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. फक्त व्यसनाचं बोलायचं असेल तर १४४४६. त्यांच्याशी बोलून मग एक दिवस ठरव, बाजाराचा सोडून. आधार कार्ड, रेशनकार्ड, ती वही, दोन जोडी कपडे, आणि सोबत असा माणूस ने ज्याचं तो ऐकतो, मामा असेल, जिनिंगवरचा एखादा दोस्त असेल. जिभाऊंना त्या दिवशी शेतात जाऊ दे.

आणि त्याला खोटं बोलून नेऊ नकोस. लग्नाला चाललोय, बँकेत चाललोय, असलं नाही. आजाराचं नाव घेऊन भांडण काढायचीही गरज नाही. झोप येत नाही ना तुला, ते आवाज झोपू देत नाहीत ना, त्याच्यावर औषध बघू, मी सोबत आहे, रात्री तुझ्याजवळच थांबणार आहे, एवढं बोल. पहिल्यांदा नाही म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. कधी कधी झोपेच्या नावाखाली माणूस तयार होतो, स्वतःच्या पायाने केसपेपर काढतो, आणि मग ते ८९ कलम लागतच नाही, स्वतःच्या मर्जीची अॅडमिशन होते. नाहीच तयार झाला आणि वेळ आली, तर मग पोलीस, डॉक्टर, सही, सगळं कर, तेव्हा मागे हटू नकोस. पण ती सही धुळ्याच्या वॉर्डात, त्याच्या देखत, आणि त्याला सांगून, की भाऊ मी सही करतेय, उद्या सकाळी मी इथेच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी चहा कर. त्याच्यासमोर कर, एकाच पातेल्यातून दोन कप ओत, आणि पहिला घोट तू घे.